मडके, भोंगा आणि गोंगाट

मराठीत 'नाद' हा कौतुकाचा शब्द आहे आणि 'गोंगाट' हा तक्रारीचा. नादाचे ब्रह्म होते, गोंगाट मात्र थांबवायचा असतो. विसाव्या शतकात काही मंडळींनी हा भेद मोडायचे ठरवले. हातोडे, भोंगे, इंजिने, बिघडलेले ध्वनिक्षेपक यांच्या आवाजातून त्यांनी संगीत रचले. त्याच्या एका शाखेला पुढे 'इंडस्ट्रियल' संगीत हे नाव मिळाले. आपण त्याला कारखानी संगीत म्हणू. त्याहून कडक, सूर आणि ताल दोन्ही सोडून दिलेल्या शाखेला 'नॉइज' म्हणतात. गेली काही वर्षे हे संगीत मी शोधून ऐकतो आहे, आणि आमच्या तेरच्या मित्रमंडळींना ऐकवतोही आहे. ते ऐकताना एक प्रश्न सतत समोर येत राहिला. मुंबईत पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे त्या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर उगवत होता. मग आपल्या कामगारांच्या कलेत यंत्राचा आवाज का उतरला नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. शेवटी, हे संगीत ज्यांना ऐकून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी एक वाटही सुचवायची आहे.

कामाचा आवाज ऐकणारा कान

तेर हे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याची नोंद आहे. इथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळाची भाजलेल्या मातीची भांडी आणि मूर्ती पाहायला मिळतात. पण या गावाची सर्वांत प्रसिद्ध कथा पाहण्याची नाही, ऐकण्याची आहे. संतमेळा गोरोबाकाकांच्या घरी जमलेला असताना मुक्ताबाईंनी विचारले, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? गोरोबाकाकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेवांनी कुरकुर केली आणि ते कच्चे ठरले. कथेचा आध्यात्मिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्या तळाशी असलेले धंद्याचे ज्ञान महत्त्वाचे वाटते. आव्यातून निघालेले पक्के मडके टिचकी मारताच खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. तडा डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतो. आजही गिऱ्हाईक माठ वाजवूनच घेते.

म्हणजे कामाच्या आवाजाकडे लक्ष देणारा कान आपल्याकडे होता. जात्यावरची ओवी हे त्याचेच दुसरे उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. ओवीची लय दगडाच्या फेऱ्याशी बांधलेली असते. जात्याची घरघर ही तिथे पार्श्वभूमी नसून साथ आहे. पण ओव्यांची पुस्तके छापताना आपण शब्द घेतले आणि घरघर वगळली. कागदावर घरघर छापता येत नाही हे खरे. तरी शब्द ठेवायचे आणि आवाज सोडायचा, ही सवय आपल्याला तिथपासूनच लागली असावी.

भोंग्यांची सिंफनी

युरोपात या विचाराचा पहिला जाहीरनामा 1913 सालचा आहे. लुइजी रुस्सोलो हा इटालियन चित्रकार. वाद्यवृंदाचे स्वर शहरात राहणाऱ्या माणसाच्या कानाला आता अपुरे पडतात, असे त्याने मांडले. गुरगुरणारी, घरघरणारी, फुत्कारणारी यंत्रे त्याने पेट्यांत बसवली आणि 1914 मध्ये मिलानच्या रंगमंचावर वाजवली. तिथे श्रोत्यांत मारामारी झाली. रुस्सोलोच्या गटाला यंत्राइतकेच युद्धाचेही आकर्षण होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रयोग कामगारांच्या नावाने झाला. रशियन क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी, 7 नोव्हेंबर 1922 रोजी, आर्सेनी अव्राआमोव याने बाकू शहरात भोंग्यांची सिंफनी घडवली. कारखान्यांचे भोंगे, कास्पियन समुद्रातल्या जहाजांच्या शिट्ट्या, रेल्वेची इंजिने आणि तोफा ही त्याची वाद्ये होती. उंचावरून निशाणे हलवून त्यांना इशारे दिले गेले. संपूर्ण शहर हेच सभागृह होते. जो भोंगा कामगाराला रोज कामावर ओढून नेई, तोच त्या एका दिवशी त्याच्या सणासाठी वाजला.

1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफेर याने रेल्वेच्या इंजिनांचे मुद्रित आवाज कापून, उलटेसुलटे जोडून जेमतेम तीन मिनिटांची रचना केली. इथून पुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र हेच वाद्य झाले.

'इंडस्ट्रियल' हे नाव मात्र 1976 सालचे. लंडनच्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या चौघांच्या गटाने आपल्या ध्वनिमुद्रिका कंपनीला 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' हे नाव दिले. या नावाची वेळ बारकाईने पाहिली पाहिजे. ब्रिटनचे जुने कारखाने तेव्हा बंद पडू लागले होते. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डमधून 'कॅबरे व्होल्तेर' हा गट आला. पश्चिम बर्लिनमध्ये 1980 साली 'आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटन' म्हणजे 'कोसळत्या नव्या इमारती' या नावाचा गट पत्रे, ड्रिल आणि भंगार वाजवू लागला. कारखानी संगीत कारखान्यांच्या भरभराटीतून आलेले नाही. धूर थांबल्यावर उरलेल्या रिकाम्या शेडमधून ते आले आहे.

गिरणगाव: शब्द उरले

आता मुंबईकडे येऊ. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. दोनच वर्षांनी, मार्च 1984 मध्ये, ब्रिटनचे खाणकामगार संपावर गेले. तो संप वर्षभर चालला आणि हरला. पण 'टेस्ट डिपार्टमेंट' या लंडनच्या गटाने भंगारातले पिंप, स्प्रिंगा, लोखंडी पट्ट्या बडवत संपाला साथ दिली आणि साउथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर 1985 मध्ये 'शोल्डर टू शोल्डर' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात खाणीतल्या माणसांचा घोगरा समूहस्वर आहे आणि लोखंडाचा मारही आहे.

गिरणगावात असे का झाले नाही? तिथे कला कमी होती म्हणून नव्हे. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. यातले अमर शेख आमच्या शेजारच्या बार्शीचे, स्वतः गिरणीत काम केलेले. पण शाहिराची वाद्ये डफ, तुणतुणे आणि झांज हीच राहिली. यंत्राचा उल्लेख शब्दांत आला, आवाज आला नाही.

याचे उत्तर मला ग्रंथांपेक्षा घरात मिळाले. माझे एक चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संपानंतर ते गावी परतले ते कान अधू होऊनच. साचेखात्यात शेजारच्याशी बोलायचे तर ओठांच्या हालचालीवर आणि हातवाऱ्यांवर, हे ते सांगत. मी त्यांना 'टेस्ट डिपार्टमेंट'ची ध्वनिमुद्रिका ऐकवली. त्यांनी स्पीकरच्या खोक्यावर पंजा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "चांगलं बडवत्यात. पर साचे असे एका तालात नसत्यात. दर साच्याची चाल निराळी. साचा बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तेवढा एक आवाज आम्हाला त्या कालव्यात वळखू यायचा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पाळी सुटल्यावर ह्ये कोण ऐकंल? आम्हाला गाणं पायजे होतं."

या दोन वाक्यसमूहांत माझ्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की गोरोबाकाकांच्या थापटण्याचा कान साचेखात्यातही शाबूत होता. हजार साच्यांच्या कल्लोळात एक बद्द आवाज ओळखणारा माणूस हा अत्यंत तयार श्रोता असतो. दुसरे असे की ज्याच्यावर गोंगाट लादला गेला, त्याच्यासाठी शब्द ऐकू येणे हीच सुटका होती. लंडनचे वादक कलावंत होते. गोंगाट त्यांनी निवडला होता आणि हवा तेव्हा ते तो बंद करू शकत होते. शाहिराला तशी सोय नव्हती. डफाचा पर्याय ही मागासलेपणाची खूण नाही, ती विचारपूर्वक केलेली निवड आहे.

पण त्या निवडीची किंमतही पाहिली पाहिजे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या 'कथा मुंबईच्या गिरणगावची'मधून माणसांच्या आठवणी वाचल्या. चाळी, चिमण्या यांची छायाचित्रे आहेत. साचेखात्याचा कल्लोळ मात्र ज्यांनी ऐकला त्यांच्याबरोबर चालला आहे. आमचे तात्याही आता नाहीत. कोणत्या साच्याचा कोणता आवाज बिघाडाचा, हे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले.

मुंबईतला सरकारी गोंगाट

मुंबईत यंत्राच्या आवाजाशी खेळ झालाच नाही असे नाही. तो झाला पेडर रोडवर, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. बासरीवादक विजय राघव राव तिथे संगीत दिग्दर्शक होते. प्रमोद पती यांच्या 'एक्सप्लोरर' (1968) या लघुपटासाठी त्यांनी विद्युत ध्वनी, घंटा आणि मानवी आवाज यांची अशी गुंफण केली की ती आजही अंगावर येते. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गीता साराभाई यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या हाताने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तिथल्या फिती अनेक दशके कपाटात पडून होत्या. पॉल पुर्गस यांनी त्या शोधल्या आणि 2023 मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. जपलेली फीत पन्नास वर्षांनीही बोलते, मुळात मुद्रितच न झालेला आवाज बोलत नाही.

कुठून सुरुवात करावी

हे संगीत ऐकायचे तर सुरुवात शेफेरच्या रेल्वे-रचनेपासून करावी. कुर्डुवाडी ते लातूर धावणारी बार्शी लाइटची छोटी गाडी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती परकी वाटणार नाही. नंतर 'एक्सप्लोरर' पाहावा. तिसरा क्रमांक 'शोल्डर टू शोल्डर'चा, कारण तिथे माणसाचा गळा सोबत आहे. मग 'आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटन'ची 1981 ची 'कोलाप्स'. 'थ्रॉबिंग ग्रिसल' त्यानंतर. या गटाने आपल्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या बोधचिन्हासाठी ऑशविट्झचे छायाचित्र वापरले होते. क्रौर्य उघडे करणे आणि क्रौर्याशी खेळणे यांतली सीमा या परंपरेत अनेकदा पुसट झाली आहे, तेव्हा ऐकताना विवेक जागा हवा. सर्वांत शेवटी जपानच्या मसामी अकिता यांचा, म्हणजे 'मर्झबाउ'चा, 'पल्स डेमन' (1996). तिथे धरायला काहीच नाही. आवाज कमी ठेवावा, दहा मिनिटे बसावे आणि कल्लोळात एखादा धागा वेगळा ऐकू येतो का ते पाहावे. तात्यांचा कान नेमका हेच करत होता.

आणि एक काम ऐकण्याच्याही पुढचे आहे. डिझेल इंजिनवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीचे पुक्-पुक् अनेक गावांतून गेले आहे. कुंभाराच्या चाकाखाली विजेची मोटार आली आहे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. आपल्या गावातले एखादे कामाचे ठिकाण निवडावे, तिथला आवाज मुद्रित करावा, आणि त्या कामातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून विचारावे: यातला खणखणीत कोणता, आणि बद्द कोणता? उत्तर त्याच फितीवर राहू द्यावे.