आरे : ‘मोकळी’ म्हटलेली जागा

मुंबईच्या दुधाचा इतिहास आपण ऐकतों. पण ज्या भूमीवर तो घडला तिचा विचार त्यांत क्वचितच येतो. माझें बालपण १९६० नंतरच्या दशकांत आरे वसाहतींत, दूधयोजनेच्या नोकरांच्या चाळींत गेलें. त्या आठवणींच्या आधारें ही दुसरी बाजू सांगावी, असा मानस आहे.

प्रथम कारणें पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत दुधाचा तुटवडा पडला, तेव्हां सरकारनें दूधपुरवठ्याची योजना हातीं घेतली. १९४५ पासून खेडा जिल्ह्यांतील दूध आगगाडीनें येऊं लागलें. तथापि शहराच्या दाट वस्तींत म्हशींचे तबेले होतेच. शेणामुताची घाण, भेसळ आणि पोसणें परवडत नाहीं म्हणून आटलेल्या म्हशींची होणारी कत्तल, या सर्वांवर उपाय म्हणून १९४९ सालीं गोरेगांवच्या पूर्वेस ३,००० एकरांहून अधिक जमिनीवर ही वसाहत उभारण्यास घेतली. दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार. ४ मार्च १९५१ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें उद्घाटन झालें. तबेल्यांचीं ३२ युनिटें, सुमारें १६,००० जनावरें. तबेले सरकारचे, म्हशी परवानेदार मालकांच्या. तबेले धुतलेलें पाणी पॅरा गवतास मिळे आणि तें गवत पुन्हां म्हशींस.

आम्हां मुलांस हें एक लहानसें गांवच वाटे. घराचा पत्ता युनिटाच्या आंकड्यानें सांगावयाचा. पहांटे कांचेच्या बाटल्यांच्या खणखणाटानें जाग यावी. त्याच बाटल्यांसाठीं शहरांत लोक दूधकार्ड घेऊन केंद्रांपुढें रांगा लावीत. तबेल्यांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेले भय्ये राबत आणि सायंकाळीं त्यांच्या ढोलकीचा आवाज आमच्या चाळीपर्यंत येई.

वर्गांत आम्हांस सांगितलें जाई कीं, वसाहतीपूर्वीं येथें मोकळें रान होतें. माझ्या शेजारीं बसणारा वारली मुलगा यावर कांहीं बोलत नसे. सुटीच्या दिवशीं मात्र तो आम्हांस वाघोबाचें ठाणें दाखवी. पहिल्या पावसानंतर शेवळें कोठें उगवतात, टाकळा केव्हां खुडावा, हें सांगे. मोकळ्या रानाला अशीं देवस्थानें नसतात, अशा पायवाटाही नसतात. वसाहतीच्या हद्दींत वारल्यांचे व इतर आदिवासींचे पाडे होते, ते वसाहतीहून जुने. आमच्या चाळींत विजेचे दिवे होते. त्याच्या घरीं चिमणी. कित्येक पाड्यांवर वीज फार उशिरां पोंचली.

‘मोकळी जागा’ या शब्दांचें सामर्थ्य मोठें असतें. १९७७ सालीं याच भूमीचा कांहीं भाग चित्रनगरीस मिळाला. ऑक्टोबर २०१९ मध्यें मेट्रोच्या कारशेडसाठीं रातोरात झाडें पडूं लागलीं; सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तेव्हां २,००० हून अधिक वृक्ष गेले होते. २०२० सालीं सुमारें ८०० एकर राखीव वन करण्याचें ठरलें, कारशेड दुसरीकडे नेण्याची घोषणा झाली. २०२२ सालीं ती पुन्हां आरेंत आली. शहरास दूध हवें होतें, तसा प्रवासही हवा आहे. या गरजा खोट्या नव्हेत. परंतु प्रत्येक वेळीं हिशेबाचा आरंभ ‘येथें कोणी नाहीं’ या वाक्यानें झाला.

पुढें शिक्षक झाल्यावर गांवाचा इतिहास शिकवितांना मीं मुलांना पहिला प्रश्न हाच घालीत असें : तुमचें घर ज्या जागीं आहे, तेथें आधीं कोण राहत होतें? उत्तर पुस्तकांत बहुधा नसे. तें घरच्या वडीलधाऱ्यांस, नाहींतर शेजारच्या पाड्यावर विचारावें लागे.