काचेच्या नळीतला प्रश्न

मायलोमाच्या रुग्णाच्या तपासणीच्या कागदावर आजही 'बेन्स जोन्स प्रोटीन' हे शब्द दिसतात. ते एका डॉक्टरचे नाव आहे. ज्या मरीजामुळे हे प्रोटीन सापडले, त्याचे नाव कागदावर येत नाही.

तो होता थॉमस अलेक्झांडर मॅकबीन, लंडनचा ४५ वर्षांचा किराणा व्यापारी. १८४४ मध्ये सुट्टीवर असताना एका भुयारातून उडी मारून बाहेर येताना त्याच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखे झाले. रक्त काढणे, मग लोह आणि क्विनाइन, असे त्या काळचे इलाज झाले. थोडे बरे वाटले, पण दुखणे परतले. डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी लघवी तपासली. तिच्यातला साका तापवला की विरघळे, थंड झाला की पुन्हा दिसे. १ नोव्हेंबर १८४५ रोजी डॉ. थॉमस वॉटसन यांनी नळीत नमुना घालून ३१ वर्षांच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे धाडला. विचारले एवढेच, की हे आहे काय?

बेन्स जोन्स यांनी हिशेब केला. दिवसाला सुमारे ६७ ग्रॅम प्रोटीन लघवीवाटे जात होते. १ जानेवारी १८४६ रोजी मॅकबीन वारला. हे प्रोटीन अशा इतर रुग्णांतही शोधावे, असे बेन्स जोन्स यांनी लिहून ठेवले.

प्रश्नाचे उत्तर यायला ११७ वर्षे लागली. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला एडलमन आणि गॅली यांनी दाखवले की हे प्रोटीन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी. बिघडलेल्या एकाच प्लाझ्मा पेशीची सारी पिलावळ एकच प्रोटीन बनवते. म्हणून त्याचे रक्तातले मोजमाप म्हणजे आजाराची मोजपट्टी. १९९९ मध्ये थॅलिडोमाइडची परीक्षा झाली तीही याच पट्टीवर. ८४ रुग्णांपैकी ३२ टक्क्यांत प्रोटीन किमान चतुर्थांशाने उतरले.

२००१ मध्ये रक्तातल्या सुट्या हलक्या साखळ्या मोजण्याची तपासणी आली. तिचा फायदा साधा आहे. पूर्ण प्रतिपिंड रक्तात सुमारे तीन आठवडे रेंगाळते, सुटी साखळी काही तासांत निघून जाते. त्यामुळे औषध लागू पडते आहे की नाही, हे लवकर कळते.

मात्र इथे दोन गोष्टींची गल्लत होते. २००५ पासून बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन पाहून आजाराचे तीन टप्पे ठरवतात. ३.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली पहिले आणि अल्ब्युमिन चांगले, तर पहिला टप्पा. ५.५ किंवा अधिक, तर तिसरा. हे आकडे आजार किती अवघड ते सांगतात. कोणते औषध कोणाला लागू पडेल, ते सांगत नाहीत. त्याबाबत काही खुणा आता हाती येत आहेत, पण त्यातल्या बऱ्याच गुणसूत्रांत आहेत आणि त्यासाठी मज्जा तपासावी लागते.

घरातली माणसे रिपोर्टवरचा आकडा बघून दिलासा घेतात किंवा खचतात. त्या आकड्याने सांगितले ते इतकेच, की दिलेले औषध आजवर काय करू शकले. पुढचे औषध कोणते, हे विचारायचे तर डॉक्टरांना विचारावे, आणि न लाजता विचारावे. वॉटसन यांनीही तेच केले होते.