बुधल्यांतला वायु

खानदेशांत मोह आणि धायटी हीं दोन्ही सातपुड्याच्या एकाच रानांत फुलतात. दोहोंचें नशीब मात्र निराळें. मोहाच्या फुलांची दारू होते, धायटीचीं फुलें वैद्यांच्या आसव-अरिष्टांत पडतात. मुळाशीं क्रिया एकच, आंबण्याची. साखरेवर किण्वाचें काम सुरू झालें कीं मद्यार्क आणि कर्बाम्ल वायु हे दोन पदार्थ जवळजवळ सारख्या वजनाचे उत्पन्न होतात. पहिल्यावर ग्रंथ आहेत, कायदे आहेत, कीर्तनें आहेत. दुसऱ्याची विचारपूस क्वचितच होते. ती येथें करावी असा आमचा विचार आहे.

मातीच्या मडक्याला या वायूची भीति नव्हती. भिल्लांच्या घरीं मोहाचीं सुकीं फुलें मडक्यांत भिजत घालीत आणि आंबल्यावर भट्टी लावून अर्क उतरीत. मडक्याचें तोंड सैल झांकलेलें, अंग सच्छिद्र. वायु आपल्या वाटेनें निघून जाई. वैद्य भांड्याचें तोंड कपडमातीनें बंद करीत खरे. पण तें बंधन काचेच्या घट्ट बुचासारखें अभेद्य नसे. पेटती काडी भांड्याच्या तोंडाशीं विझली तर वायु अजून निघतो आहे, असें समजावें ही त्यांची खूण.

काच आली आणि हा हिशेब बदलला. बिअरचा फेंस म्हणजे कोंडलेला वायुच. तो कोंडावयाचा तर प्रमाण हवें. युरोपाला हा धडा महाग पडला. शँपेनच्या तळघरांत एक बाटली फुटली कीं शेजारच्या फुटत, आणि कामकरी तोंडावर लोखंडी जाळी बांधून वावरत. १८३६ च्या सुमारास फ्रांस्वा नांवाच्या फ्रेंच औषधविक्यानें साखर मोजून फेंस ठरविण्याची रीत काढली. १८७२ मध्यें कॉड या इंग्रजानें वायूलाच द्वारपाल नेमलें. त्याच्या बाटलींतली गोळी आंतल्या दाबानेंच तोंडाशीं घट्ट बसते. आमच्या बाजारांतली गोळीची सोड्याची बाटली ती हीच. पुढें १८७६ मध्यें पाश्चरनें बिअरवरील आपल्या ग्रंथांत किण्वाचें शास्त्र मांडलें.

घरीं बिअर करणारे पाश्चात्य लोक ती ज्या मोठ्या काचपात्रांत आंबवितात, त्याचें इंग्रजी नांव कारबॉय. मूळ शब्द फारसी ‘कराबा’. आपण त्यास बुधला म्हणूं. हा बुधला आंबविण्यास व सांठविण्यास उत्तम, मात्र अंधाऱ्या, थंड जागीं आणि तोंडाला वायु जाण्याची पाण्यांतून वाट ठेवून. फेंस आणण्यास तो सर्वस्वी अयोग्य होय. कारण दाब व काचेची जाडी तीच असतां पात्राचा व्यास दुप्पट झाला, कीं भिंतीवरील ताणही दुप्पट होतो. म्हणून आंबणें पूर्ण संपल्यावर लिटरास सहा-सात ग्रॅम साखर घालून बिअर जाड काचेच्या लहान बाटल्यांत भरतात. तेथेंही २० अंशांवर आंतला दाब बाहेरच्या हवेहून सुमारें दोन वातावरणें अधिक असतो. ४० अंशांवर तो साडेतीनच्या पुढें जातो. जळगांव-धुळ्याचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको.

खानदेशांतली घरची भट्टी मात्र वायूनें नव्हे, कायद्यानें बंद पाडली. १८७८ च्या आबकारी कायद्यानें दारू काढणें परवानेवाल्यांच्या हातीं गेलें. भिल्लाच्या घरची रीत गुन्हा ठरली आणि तो दुकानदाराचा गिऱ्हाईक झाला. १९३७-३८ मध्यें तळोदे भागांत गुलाम महाराजांच्या आरतीस जमणाऱ्या हजारों भिल्लांनीं दारू सोडली, ती मात्र कायद्याच्या धाकानें नव्हे. सरकारानें त्यांच्याकडून महसूल घेतला. महाराजांनीं त्यांस स्वतःची किंमत दाखविली. या दोन उपायांतला फरक इतिहासानें विसरूं नये.

पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि आजही महाराष्ट्रांत परवान्यावांचून घरीं बिअर करणें हा गुन्हाच आहे. द्राक्षासवाची बरणी मात्र पुष्कळ घरांत असते. ती घालणाऱ्यांनीं एवढेंच ध्यानांत धरावें, कीं औषध आणि मद्य हा भेद वायूला कळत नाहीं. आंबणें संपल्यावांचून बुच घट्ट बसवूं नये. आणि बुडबुडे थांबले म्हणजे तें संपलेंच असें न मानतां, कांहीं दिवस वाट पाहून पुन्हां काडी लावून पाहावी.