मेरुरज्जूची इजा आणि दैनंदिन स्वावलंबन

दैनंदिन स्वावलंबन म्हणजे मेरुरज्जूला इजा झाल्यावर आंघोळ, कपडे, जेवण, शौच-लघवी, पलंगावरून खुर्चीत बसणे ही कामे पुन्हा स्वतः करता येणे. झाडावरून किंवा विहिरीत पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही खेड्यापाड्यांतली अशा इजेची नेहमीची कारणे. तुटलेला मेरुरज्जू पूर्ववत करणारा उपचार अद्याप नाही. त्यामुळे शाबूत राहिलेल्या स्नायूंकडून काम करून घेणे, हाच पुनर्वसनाचा गाभा.

काय जमेल हे बरेचसे इजेच्या पातळीवर ठरते. मानेतील पाचव्या खंडापर्यंत रज्जू शाबूत असेल तर कोपर वाकते, हाताला पट्ट्याने बांधलेला चमचा तोंडाशी नेता येतो. सहावा खंड वाचला तर मनगट उचलताच बोटे आपोआप मिटतात आणि तेवढ्या पकडीत पेला धरता येतो. सातवा वाचला की कोपर ताठ होते. मग हातांवर भार देऊन, बूड उचलून खुर्चीत सरकणे आवाक्यात येते. इजा छातीच्या पातळीला किंवा खाली असल्यास हात पूर्ण चालतात आणि चाकाच्या खुर्चीतून बहुतेक कामे होतात.

घरच्यांचा पहिला प्रश्न ‘चालता कधी येईल?’ हाच असतो. जीव मात्र मूत्राशय आणि त्वचा सांभाळल्याने वाचतो. स्वावलंबन मोजण्याच्या 100 गुणांच्या ‘स्किम’ मापनात स्वतःची निगा व हालचाल यांना मिळून 60 गुण आहेत; श्वसन आणि मलमूत्रनियंत्रण यांना 40. स्वच्छ हातांनी दर 4 ते 6 तासांनी नळी घालून लघवी काढणे आणि खुर्चीत बसल्यावर थोड्याथोड्या वेळाने बूड उचलून शय्याव्रण टाळणे, या दोन सवयी आधी लावायच्या.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या अडचणींत स्थानिक परिस्थितीची भर पडते. मानेची इजा झालेल्यांना इजेच्या पातळीखाली घाम येत नाही. त्यामुळे घाटाखालच्या मलकापूर, खामगाव, शेगाव भागातल्या उन्हाळ्यात ओले फडके आणि पाण्याचा फवारा हाताशी लागतोच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. हाताने चालवायची तीनचाकी रस्त्यावर उत्तम, पण उंबऱ्याच्या आत निरुपयोगी. घरात खरी अडचण बैठ्या संडासाची असते. त्यावर भोक पाडलेली मजबूत खुर्ची ठेवून, बसण्याच्या जागी गादी लावून पुष्कळांची अडचण भागते. गादी वगळू नये: कडेचा काच संवेदना नसलेल्या कातडीला कळत नाही.

मेरुरज्जूच्या इजेनंतरच्या पुनर्वसनाचा पाया डॉ. लुडविग गुटमान यांनी 1944 साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे घातला. महाराष्ट्रात मुंबईच्या हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था 1955 पासून, तर जवानांसाठीचे पुण्याजवळील खडकी येथील पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. 1965 च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. नसीमा हुरजूक यांनी 1984 साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्यांचे आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ नव्या रुग्णाच्या घरात असावे असे आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्याचा आणि ओळखपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करता येतो.