रूळ कोणासाठी?

नागपूर मेट्रोची पायाभरणी झाली ऑगस्ट २०१४ मध्ये. सीताबर्डी ते खापरी गाडी धावली मार्च २०१९ मध्ये, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. म्हणजे आठ वर्षं.

आता विदर्भातलाच वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग बघा. लांबी जेमतेम ५२ किलोमीटर, मंजुरी मेट्रोच्या पायाभरणीआधीची. पण मेट्रोचा टप्पा संपला तेव्हाही गडचिरोलीला गाडी पोचली नव्हती. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा, आणि रेल्वे काय ती वडशाला.

जंगल आडवं येतं, परवानग्या लागतात, हे खरंच आहे. वाघाची वाटही सांभाळलीच पाहिजे. पण मला मूळ तिढा मोजणीचा वाटतो. इंग्रजांनी वर्ध्याहून वरोऱ्याला रूळ नेले ते कोळशाचा हिशेब करून. मेट्रो आखताना प्रवासी मोजतात. गडचिरोलीत प्रवासी मोजायचे कसे? गाडी नाही म्हणून जो दवाखान्याला, कॉलेजला निघालाच नाही, तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. मागणी मोजता येते. गरज विचारावी लागते. ती विचारायला वडशाच्या पुढे जावं लागतं.