मूळघर आणि चतुर्थी

गोमंतकातील जुन्या हिंदू घराण्यांचा इतिहास शोधू लागले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी प्रथम दप्तरांकडे आणि देवस्थानांच्या कागदपत्रांकडे वळते. ही साधने ज्या घरात टिकली त्या घराकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः मूळघर हाही एक दस्तऐवजच होय. तो टिकविण्याचा प्रश्न आणि चतुर्थीनिमित्त त्यात भरणारा कुलमेळावा यांचा संबंध किती निकटचा आहे, हे येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

तिसवाडी 1510 साली आणि बारदेश व साष्टी 1543 साली पोर्तुगीजांकडे गेली. पुढे देवळे पाडली गेली, दैवते अंत्रुज महालात नेण्यात आली आणि 1560 पासून धर्मसमीक्षण सभेचा अंमल सुरू झाला. तो 1812 साली कायमचा संपला. या काळात गणपतीची मृण्मय मूर्ती उघडपणे पुजणे अशक्य झाल्यामुळे काही कुळांनी कागदावरील चित्र पुजावयास आरंभ केला, अशी परंपरा सांगते. आजही कित्येक घरांत ती प्रथा चालू आहे. उलट फोंडे 1763 साली आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा धर्माचरणात हात न घालण्याचे धोरण पत्करले गेले होते. चौसोपी हिंदू घरे मुख्यतः या नव्या काबिजादीत दिसतात, त्याचे एक कारण हे होय.

या घरांच्या मध्यभागी राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती खांबांचे सोपे आणि आत देवघर, अशी रचना असते. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, गिलावा शिंपल्यांच्या चुन्याचा. बासेल मिशनने 1865 साली मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर नळीच्या देशी कौलांची जागा हळूहळू मंगळुरी कौलांनी घेतली. ही सामग्री दीर्घायुषी खरी, परंतु तिला दरवर्षी माणसाचा हात लागतो. कौले चाळली नाहीत तर एका पावसात वासा कुजतो; आणि वासा गेला की भिंतीस पाणी लागते.

येथेच चतुर्थीचा उपकार आणि अपकार दोन्ही दिसतात. मुंबई-पुण्यास असलेले आप्त वर्षातून एकदा तरी मूळघरी येतात, माटोळी बांधली जाते, आरतीला घुमट वाजतो, पातोळ्या-नेवऱ्यांच्या पंक्ती उठतात. या एका ओढीने कित्येक बंद घरांची दारे उघडी राहिली आहेत. पण चतुर्थी येते ती पाऊस सरण्यापूर्वी. पाहुणे येणार म्हणून श्रावणात ओल्या भिंतीवर घाईने तैलरंग चढवितात, पोपडे निघाले तेथे सिमेंट थापतात. चिरा ओल शोषतो आणि चुन्यातून ती बाहेर टाकतो. सिमेंटने ती वाट बंद झाली म्हणजे ओल आतच राहते व चिराच झिजू लागतो. चार दिवसांच्या शोभेसाठी शंभर वर्षांच्या भिंतीची अशी हानी होते.

दुसरी अडचण कायद्याची आहे. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला. वारसाविषयीच्या त्याच्या तरतुदींची जागा आता 2012 च्या गोवा अधिनियमाने घेतली असली तरी मूळ तत्त्व कायम आहे: मुलगे आणि मुली यांस समान वाटा, आणि निम्म्या मिळकतीवरील त्यांचा हक्क मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. हे तत्त्व न्याय्य आहे यात शंका नाही. परंतु दर पिढीस चार अपत्ये धरली तर पणतवंडांच्या पिढीत एका घराचे चौसष्ट धनी होतात. इतक्यांची संमती मिळवून छप्पर बदलणे किती दुष्कर आहे, हे सांगावयास नको. वाटणीचा दावा उभा राहिला तर घर वारसांच्या आपसांतील लिलावात जाऊ शकते.

आणि सफाईच्या नादात दप्तरे जातात, ही तिसरी हानी. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याने आपले व्यापारी कागद सांभाळले, म्हणूनच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील गोव्याचा व्यापार आणि फ्रेंचांशी त्याचे असलेले संबंध अभ्यासकांस आतून पाहता आले. माळ्यावरचे मोडी रुमाल रद्दी समजून टाकणाऱ्या घरांत असे काय काय नष्ट झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तथापि उपायही मेळाव्यातच आहे. सर्व धनी एकत्र असतात तो वर्षातील हाच काळ. त्या वेळी पंक्तीनंतर तासभर बसून दुरुस्तीचा निधी, कारभारी आणि कामाचा क्रम लेखी ठरवावा. गळती कोठे आहे हे त्या दिवसांत पाऊसच दाखवून देतो. प्रत्यक्ष काम तुळशीच्या लग्नानंतर आरंभून वैशाखापर्यंत पुरे करावे, चुन्याला चुनाच लावावा, आणि पुढील चतुर्थीस त्याची परीक्षा घ्यावी. मोडी जाणणाऱ्या शिक्षकांनी आपापल्या गावातील घरांच्या दप्तरांची यादी करून दिली तर तेही मोठे साह्य होईल. मूर्तीचे विसर्जन होऊन पाहुणे परतले तरी घर मागे राहते, आणि त्याची चिंता वाहणारे कोणीतरी त्याच चार दिवसांत नेमले गेले पाहिजे.