चेतातंतूंची वाटचाल, भ्रूणातील

भ्रूणात मज्जासंस्था घडत असताना चेतापेशीतून एक धागा फुटतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. हा धागा वाढत वाढत ठरावीक पेशीपर्यंत किंवा स्नायूपर्यंत पोचतो आणि तिथे जोडला जातो. त्याला ही वाट कशी सापडते, हा या नोंदीचा विषय आहे. प्रौढ माणसाच्या कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेला तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. पण त्याची वाट सापडते तेव्हा भ्रूण इवलासा असतो आणि अंतर मिलिमीटरांत मोजावे लागते. एकदा जोड पक्का झाला की पुढे अंग वाढते आणि तंतू त्याबरोबर ताणत लांबत जातो.

भिवंडीच्या यंत्रमागांवर नवा ताणा चढवताना माणूस एकेक धागा हाताने फणीतून ओवतो. कुठला धागा कुठल्या घरात जायचा हे त्याला ठाऊक असते. भ्रूणात असा ओवणारा कोणी नाही आणि धाग्याजवळ संपूर्ण वाटेचा नकाशाही नाही. आजूबाजूच्या पेशींनी सोडलेल्या खुणा वाचत तो एकेक टप्पा गाठतो, आणि टप्पा ओलांडला की कोणत्या खुणा वाचायच्या हेच बदलतो. हा बदल या विषयाचा गाभा आहे.

तंतूच्या वाढत्या टोकाला वृद्धिशंकू म्हणतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १८९० साली कोंबडीच्या भ्रूणात रंगवलेल्या पेशी पाहून त्याचे वर्णन केले. त्याच्यासमोर मृत, स्थिर चित्र होते. त्यावरून हे टोक पुढे सरकत असणार असे त्याने ओळखले, ही त्याच्या नजरेची कमाल. प्रत्यक्ष पुरावा अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली दिला. बेडकाच्या भ्रूणातील ऊतीचा तुकडा त्यांनी गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू बाहेर वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शरीराबाहेर जिवंत ऊती वाढवून अभ्यासण्याची पद्धतही या प्रयोगातून पुढे आली.

वृद्धिशंकू पसरट हातासारखा दिसतो. त्याच्या कडेने बारीक बोटांसारखे फुटवे निघतात, चाचपडतात आणि मागे ओढले जातात. या बोटांचा सांगाडा ॲक्टिन प्रथिनाच्या दोऱ्यांचा असतो. दोऱ्या टोकाकडे लांबतात आणि त्याच वेळी आतल्या बाजूला ओढल्या जातात. बोटाने खालच्या पृष्ठभागाला नीट पकडले असेल, तर ती ओढ शंकूला पुढे नेते. पकड सुटली तर दोऱ्या नुसत्याच मागे घसरतात. पकड एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल झाली की शंकू वळतो. म्हणजे वाट शोधणे आणि पकड धरणे ही येथे वेगळी कामे नाहीत.

खुणा रासायनिक असाव्यात हा विचार रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात ठामपणे मांडला. उभयचर प्राण्यांची दृष्टिनाडी तोडून त्यांनी डोळा १८० अंशांत फिरवला. नाडी पुन्हा वाढून मेंदूला जोडली गेली, पण बेडूक वरची माशी टिपायला खाली झेप घेऊ लागला आणि पुढेही तसाच चुकत राहिला. डोळा फिरवला तरी प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्याच जागी परतला होता. अनुभवाने जोडण्या सुधारत असत्या, तर बेडूक शिकला असता. या खुणांचे रेणू हाती यायला मात्र पुढे अर्धे शतक लागले. दृष्टितंतूंना मेंदूत जागा नेमून देणारी इफ्रिन प्रथिने १९९५ च्या सुमारास ओळखली गेली.

सर्वांत बारकाईने अभ्यासलेली वाट मज्जारज्जूतील आहे. रज्जूच्या पाठीकडच्या भागातल्या काही पेशींचे तंतू खाली उतरतात, मधली रेषा ओलांडतात आणि पलीकडे जाऊन मेंदूच्या दिशेने वळतात. मधोमध, रज्जूच्या तळाशी पेशींची एक पट्टी असते. तिच्यातून तंतूंना ओढणारे काहीतरी पाझरते, हे मार्क टेसिए-लाविन्य आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदरांच्या ऊतींवर दाखवले. ते काय आहे हे कळण्यासाठी कोंबडीच्या हजारो भ्रूणांचे मेंदू गोळा करून प्रथिन शुद्ध करावे लागले. १९९४ मध्ये ते मिळाले आणि त्याला ‘नेट्रिन’ नाव दिले गेले, संस्कृत ‘नेतृ’ शब्दावरून. नेतृ म्हणजे नेणारा. आपला ‘नेता’ तोच, आणि ‘नेत्र’ही त्याच ‘नी’ धातूपासून आलेला. एका सूक्ष्म कृमीत याच जातीचे प्रथिन आधीच सापडले होते. ते बिघडले की कृमीला नीट वळवळता येत नसे. कृमीपासून माणसापर्यंत हा वाटाड्या टिकून राहिला आहे. नेट्रिन नेहमीच ओढते असे मात्र नाही. तंतूवर ते ओळखणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, एका प्रकारचे असेल तर ते ओढते, दुसऱ्या प्रकारचे असेल तर दूर ढकलते. अर्थ ठरतो तो वाचणाऱ्यावर.

हे प्रथिन तळपट्टीतूनच पाझरून दुरून ओढते, असे दोन दशके पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी त्याला धक्का दिला. तळपट्टीतले नेट्रिन काढून टाकले तरी बहुतेक तंतू मध्यरेषेपर्यंत पोचले; वाटेच्या कडेच्या पेशींतून आलेले नेट्रिन जवळूनच आधार देत होते. दुरून ओढ किती आणि जवळून आधार किती, ही चर्चा अजून चालू आहे.

मध्यरेषा ओलांडणे जितके अवघड, तितकेच तिथून निघणेही. ओढ कायम राहिली असती तर तंतू तिथेच घुटमळले असते. फळमाशीच्या भ्रूणात मध्यरेषेवरच्या पेशी स्लिट नावाचे प्रथिन सोडतात आणि ते तंतूंना दूर लोटते. स्लिट ओळखणारा ग्राही म्हणजे रोबो. ओलांडण्याआधी कॉमिशरलेस नावाचे प्रथिन रोबोला तंतूच्या पृष्ठभागावर येऊच देत नाही, म्हणून तंतूला स्लिट जाणवत नाही. पलीकडे गेल्यावर हा अटकाव उठतो, रोबो वर येतो आणि मागे फिरण्याची वाट बंद होते. रोबो नसलेल्या माशांत तंतू मध्यरेषा पुन्हा पुन्हा ओलांडत गोल फिरतात. त्यावरूनच या जनुकाला ‘राउंडअबाउट’, म्हणजे रस्त्यातला वाहतुकीचा गोल, हे नाव पडले. रोबो हे त्याचे लघुरूप. पृष्ठवंशी प्राण्यांत रोबोला रोखून धरण्याचे काम वेगळ्या साधनांनी होते, तत्त्व मात्र तेच.

महाराष्ट्रात या विषयावर महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, अर्णब घोष यांच्या प्रयोगशाळेने वृद्धिशंकूच्या पकडीचा अभ्यास कोंबडीच्या भ्रूणावर केला. अशा प्रयोगांत उबवणीच्या अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडतात, भ्रूणाच्या मज्जारज्जूच्या पोकळीत डीएनए सोडतात आणि दोन्ही बाजूंना विद्युताग्रे धरून विजेचे बारीक झटके देतात. डीएनए ऋणभारित असल्याने तो एकाच बाजूच्या पेशींत शिरतो. दुसरी बाजू तशीच राहते आणि तुलनेला उपयोगी पडते. २०१६ साली या गटाने दाखवले की फॉर्मिन-२ हे ॲक्टिनशी निगडित प्रथिन कमी केले, तर शंकूच्या बोटांच्या टोकाची पकड टिकत नाही, तंतूंची वाढ मंदावते आणि मज्जारज्जूत त्यांची वाट चुकते. या प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाचा संबंध माणसांतील बौद्धिक अक्षमतेशी आढळलेला असल्याने या कामाला वेगळे वजन आहे. काहालपासून नेट्रिनपर्यंत आणि तिथून पुण्यापर्यंत कोंबडीचे अंडे या विषयाची सोबत करत आले आहे. स्वस्त, सहज मिळणारे आणि भ्रूण डोळ्यांसमोर उघडून दाखवणारे असे दुसरे साधन क्वचितच असेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तेथेच त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या गंधज्ञानावर आयुष्यभराचे काम उभारले. माशीच्या स्पर्शिकेतील गंधपेशींचे तंतू मेंदूतल्या सुमारे ५० गोलकांपैकी (गोल पुंजक्यांपैकी) आपापल्या गोलकात पोचतात. एकाच प्रकारच्या पेशी, विखुरलेल्या असल्या तरी, एकाच गोलकात. रॉड्रिग्ज यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की रोबो कुटुंबातील ग्राहींवर गंधतंतू मेंदूत कोणत्या जागी विसावतात हे अवलंबून असते. मध्यरेषेवर पहारा देणारे रेणू येथे पत्ता ठरवायला वापरले गेले होते. रॉड्रिग्ज २०१० मध्ये निवर्तल्या.

माणसात या वाटा चुकल्या तर काय होते, हे दोन दुर्मिळ विकारांवरून कळते. नेट्रिन ओळखणाऱ्या डीसीसी ग्राहीच्या जनुकात बिघाड असेल तर काही जणांत एक हात हलवताच दुसरा हातही तीच हालचाल करतो. हा संबंध २०१० मध्ये उलगडला. रोबो कुटुंबातील रोबो-३ या जनुकाच्या बिघाडात डोळे आडवे फिरवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो. २००४ साली अशा रुग्णांच्या तपासणीत आढळले की मेंदूतून निघून पलीकडे जायला हवे असलेले तंतू त्यांच्यात आपल्याच बाजूने खाली उतरले होते. त्यांच्या डाव्या मेंदूची सत्ता डाव्याच अंगावर चालते.